नवमीचं पाकीट

दसऱ्याची दहा दिवसांची सुट्टी लागली की मी चेन्नईत थांबत नसे. केंद्र सरकारच्या शाळेत भूगोल शिकवायला लागल्यापासूनचा तो माझा नेम होता. शेवटच्या दिवशी सहामाहीचे पेपर पिशवीत कोंबायचे, मुलीला घ्यायचं आणि गाडीत बसून साताऱ्याला माहेरी जायचं. नवरा बँकेतली रजा दिवाळीसाठी राखून ठेवायचा आणि घरी आईला सोबत करायचा. सासूबाई एकट्याच त्यांच्या नवरात्रातल्या बाहुल्या पायऱ्यांवर मांडायच्या. लग्नाला चौदा वर्षं झाली होती, पण त्यांच्या घरचं नवरात्र मी एकदाही सबंध पाहिलं नव्हतं. त्यांना ते लागायचं. मला ते ठाऊक होतं आणि तरीही मी जायचे.

सासरची मंडळी तंजावरची मराठी. कित्येक पिढ्यांपूर्वी दक्षिणेत आलेली आणि मग तिथून नोकऱ्यांच्या मागे चेन्नईला उतरलेली. तिरुवल्लिकेणीच्या एका अरुंद गल्लीत आमचं घर होतं, खालचा मजला आणि वर गच्ची. गल्लीत सगळ्या बाजूंनी एकट्या पुरुषांच्या खोल्यांच्या इमारती, त्यांच्या कठड्यांवर वाळत टाकलेल्या लुंग्या. सासूबाईंचं मराठी ऐकून मी पहिल्यांदा हसले होते, कारण त्या बोलायच्या जुन्या पोथीतल्यासारखं आणि हेल मात्र तमिळ. त्याही माझं मराठी ऐकून हसल्या होत्या. त्यांच्या मते माझं बोलणं म्हणजे कुणीतरी सारखं भांडतंय. ते अगदीच खोटं नव्हतं.

त्या वर्षी डॉक्टरांनी प्रवासाला साफ नकार दिला. जुलैत डाव्या स्तनात गाठ सापडली होती आणि ती साधी नव्हती. ऑपरेशन लगेच करता येणार नाही, आधी सलाइनमधून औषध देऊन ती लहान करू, असं ठरलं होतं. दर एकवीस दिवसांनी एक, असे तीन डोस. मग स्कॅन. गाठ लहान झाली असेल तर ऑपरेशन. नसेल तर हे औषध तिच्यावर चालत नाही असं समजायचं आणि दुसरं धरायचं. दुसरंही नाही चाललं तर, असं मी विचारलं, तेव्हा डॉक्टर म्हणाले की आपण एकेक पायरी चढू. मी हे आज लिहिते आहे म्हणजे पुढे काय झालं ते उघडच आहे. पण त्या ऑक्टोबरात ते कुणालाच उघड नव्हतं, आणि त्या स्कॅनवर आमच्या चौघांचा जीव टांगलेला होता.

तिसरा डोस सुट्टीच्या आधीच्या आठवड्यात झाला. तोवर मी शाळेत जात होते, डोक्याला रुमाल बांधून. मुलं बघायची नाहीत, हे मला कौतुकाचं वाटायचं. त्यांच्या आया मात्र फाटकात उभ्या राहून बघायच्या. सुट्टी लागली त्या संध्याकाळी पेपरांची पिशवी घरात आणून टाकली आणि माझ्या लक्षात आलं की मला कुठंच जायचं नाही. ना स्टेशन, ना डबे, ना साताऱ्याच्या घराची पायरी. आधी मी चिडले, मग रडले, मग जेवायला बसले. तोंडाची चव गेलेली होती. सासूबाईंनी दहीभात आणि लिंबाचं लोणचं वाढलं आणि म्हणाल्या, यंदा तरी घरची सून घरी आहे. मला तो टोमणा वाटला. रात्री नवरा म्हणाला की तो टोमणा नव्हता.

खरं सांगायचं तर ती सुट्टी मला आवडली. हे कबूल करायला मला बरीच वर्षं लागली, कारण आजारपणात काही आवडू नये असा आपला एक समज असतो. पण मी कधी न पाहिलेलं माझंच घर मला दिवसाउजेडी दिसलं. दहा वाजता गल्लीत फुलवाली यायची आणि मोगऱ्याचा गजरा हाताच्या लांबीनं मोजून द्यायची. अकराच्या सुमाराला मधल्या खोलीत उन्हाचा एक पट्टा यायचा आणि सासूबाई त्यातच उडीद वाळत घालायच्या. चारला समुद्राकडून वारा सुटायचा. मी वर्गात समुद्री वारे आणि भूमी वारे फळ्यावर बाण काढून शिकवत होते, आणि माझ्याच गच्चीवर ते रोज ठरल्या वेळी येतात याचा मला पत्ता नव्हता.

हॉलमध्ये सासूबाईंनी नऊ पायऱ्या मांडल्या होत्या. खाली लोखंडी ट्रंका, त्यावर फळ्या, त्यावर पांढरं धोतर. वरच्या पायरीवर देव, मग ऋषी, मग राजे, आणि अगदी खाली वाण्याचं दुकान, लग्नाची वरात, क्रिकेट खेळणारी पोरं. वाण्याचं पोट दरवर्षी थोडं झिजतं म्हणून त्याला दरवर्षी रंग लावायचा. तो यंदा मी लावला. हात थरथरत होते म्हणून वाण्याची एक मिशी दुसरीपेक्षा वर गेली. सासूबाईंनी ती पाहिली आणि त्याला तसाच पायरीवर बसवला.

संध्याकाळी बायका यायच्या. हळदकुंकू, विडा, वाटीभर सुंडल, म्हणजे खोबरं घातलेली हरभऱ्याची किंवा वाटाण्याची उसळ, आणि आलेल्या प्रत्येकीनं बाहुल्यांपुढे एक गाणं म्हणायचं. मला गर्दीत बसायची बंदी होती. रक्तातल्या पांढऱ्या पेशी इतक्या खाली होत्या की कुणाची साधी शिंकही महागात पडली असती. म्हणून मी आतल्या खोलीत, पडद्यामागे खुर्ची टाकून बसायचे आणि गाणी ऐकायचे. सासूबाई विधवा, त्या कुंकू लावत नसत. माझ्या जागी आमची मुलगी ते करायची. बारा वर्षांची, सातवीतली, परकर-पोलक्यात, मोठ्या बायकांना कुंकू लावताना टाचा उंच करून उभी राहायची. पडद्याच्या फटीतून मी तिला बघायचे. मला वाटायचं की बरं झालं, हिला अजून फारसं काही कळत नाही. आई आजारी आहे, केस गेले आहेत, ते परत येणार आहेत, एवढंच आम्ही तिला सांगितलं होतं.

अष्टमीच्या संध्याकाळी नवरा बँकेतून परस्पर स्कॅन सेंटरला गेला आणि आदल्या दिवशी काढलेल्या स्कॅनचा रिपोर्ट घेऊन आला. मोठं पिवळसर पाकीट, आत फिल्म आणि दोन टाचलेले कागद. वरचा भाग नुसता आत खोचलेला, डिंक वगैरे काही नाही. हॉलमध्ये बायका बसलेल्या, कुणीतरी गात होतं, आणि मी मळमळीनं डोळे मिटून पडले होते. तो खाटेशी येऊन हळूच म्हणाला की रिपोर्ट आला आहे. मी विचारलं, बघितलास का? नाही म्हणाला. आमचं तसं ठरलेलंच होतं. माझा रिपोर्ट मीच उघडणार, माझ्याआधी कुणी नाही. हा हट्ट माझा होता. पहिल्या खेपेला डॉक्टर, नवरा आणि दीर या तिघांना माझ्या आधी माहीत होतं आणि मी दोन दिवस त्या तिघांच्या तोंडांकडे बघत बसले होते. तसं पुन्हा होऊ द्यायचं नव्हतं. आत्ता नको, सकाळी आंघोळ करून, उजेडात बघू, असं मी म्हटलं. त्यानं पाकीट टीव्हीच्या वरच्या फळीवर ठेवलं. डॉक्टरांची भेट दसऱ्यानंतर होती, तेव्हा घाई कसलीच नव्हती. मला औषधानं झोप लागली.

उठले तेव्हा ऊन चांगलंच वर आलं होतं. मला मुद्दाम उठवलं नव्हतं. नवमी होती, म्हणजे इकडे सरस्वती पूजा आणि आयुध पूजा. आमच्याकडे साताऱ्याला पाटीवर सरस्वती काढतात आणि दसऱ्याला शस्त्रं पुजतात. इथं त्याचा फार मोठा सोहळा. घरातलं प्रत्येक पुस्तक, वही, पेन पायऱ्यांशेजारी पाटावर रचायचं, त्यावर रेशमी वस्त्र घालायचं, पूजा करायची. घरातली प्रत्येक कामाची वस्तू पुसून तिला गंध-कुंकू लावायचं. आणि मग दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत त्यातल्या कशालाही हात लावायचा नाही. वाचायचं नाही, लिहायचं नाही, कापायचं नाही, शिवायचं नाही. भाज्यासुद्धा आदल्या दिवशी चिरून ठेवायच्या. मी मोरीकडे जाताना पाहिलं तर मिक्सरला कुंकू, विळीला कुंकू, नवऱ्याच्या स्कूटरला कुंकू आणि झेंडूची माळ. माझ्या थर्मामीटरच्या डबीलासुद्धा एक ठिपका लावला होता. त्यावर मला हसू आलं.

आंघोळ करून टीव्हीपाशी आले तर फळी रिकामी. कपडा मारून स्वच्छ केलेली.

नवऱ्याला विचारलं, त्याला माहीत नव्हतं. मग दोघांचीही नजर एकाच वेळी त्या रेशमी वस्त्राकडे गेली. ढिगाच्या बाजूनं पाकिटाचा पिवळा कोपरा बाहेर डोकावत होता. वर मी आदल्या दिवशीच पूजेसाठी काढून ठेवलेले माझे न तपासलेले पेपर, त्यावर मुलीची पुस्तकं, त्यावर हळदीची बोटं उमटलेली. पूजा पहाटेच उरकली होती. मी स्वयंपाकघराच्या दारात जाऊन विचारलं की ते पाकीट तिथं कुणी ठेवलं. मुलगी ओट्याशी पाठमोरी उभी राहून केळीची पानं पुसत होती. सासूबाईंनी गॅस बारीक केला.

"मीच ठेवलें," त्या म्हणाल्या. "अक्षरंच ना त्यात? आज अक्षराला डोळा लावू नये. उद्या दशमी, उद्या पाहा."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी काय काय बोलले ते सगळं आठवत नाही, आणि जे आठवतं ते लिहायची लाज वाटते. माझं शरीर, माझा रिपोर्ट, आणि तुमचं सोवळं, असं काहीतरी. त्यांचं अडाणीपण काढलं. इंग्रजी येत नाही म्हणून कुठलाही कागद उचलून देवापुढे टाकाल का, असंही म्हणाले. नवरा आईशी कधी मोठ्यानं बोलत नसे, तो त्या दिवशी बोलला. म्हणाला की मी आत्ताच्या आत्ता ते बाहेर काढतो, देवी काही रागावणार नाही. सासूबाई हात पुसत उभ्या राहिल्या. मुलीनं एक पान दोनदा पुसलं.

नवऱ्यानं खरोखरच वस्त्राला हात घातला, तेव्हा मी म्हटलं, राहू दे. तो माझ्याकडे बघायला लागला. मी पुन्हा म्हटलं, उद्याच बघू, एका दिवसानं काय होतंय.

मला सासूबाईंची दया आली म्हणून मी तसं म्हटलं असं त्याला वाटलं, आणि बरीच वर्षं मी त्याला तसंच वाटू दिलं. खरी गोष्ट वेगळी होती. वस्त्र उचललं जाणार असं दिसताच मी घाबरले होते. आता कळणार, याच घटकेला कळणार. आणि दुसऱ्याच क्षणी मनात आलं की कळलंच पाहिजे असं नाही, आज तर वाचायलाच बंदी आहे. मला हायसं वाटलं. इतकं हायसं वाटलं की मी तिथंच स्टुलावर बसले. तीन महिने मी रिपोर्ट, आकडे आणि तारखा याशिवाय काही वाचलंच नव्हतं. कुणीतरी आज माझ्या हातातून ते सगळं काढून घेतलं होतं.

मग तो दिवस सुरू झाला. सकाळचा पेपरसुद्धा दाराशी घडी न मोडता पडून होता, कारण त्यातही अक्षरं. नवऱ्याचे हाल बघण्यासारखे होते. तीन वेळा तो पेपरच्या जवळून गेला आणि तिसऱ्या वेळी उगाचच चप्पल सरळ करून आला. मी म्हटलं की हवामान मी सांगते, ऊन आहे. सासूबाई हसल्या आणि लगेच गंभीर झाल्या, कारण मी अजून त्यांच्यावर रागावले होते आणि त्यांना ते धरून चालायचं होतं. दुपारी जेवायला वडा, पायसम, आंबट-गोड भोपळ्याची भाजी. मला भाजीची चव लागली. तीन आठवड्यांनी प्रथमच. मी दोनदा मागून घेतली, तेव्हा मुलगी स्वतःचं जेवण सोडून माझं पान बघत बसली.

जेवण झाल्यावर आजी-नातीनं पल्लांगुळीचा पट काढला. चौदा खळ्यांची लाकडी पट्टी, खळ्यांत चिंचोके टाकत पुढे जायचं आणि समोरच्याचे जिंकायचे. मला खेळ येत नव्हता. मुलीनं शिकवला. ती एरवी अत्यंत भांडखोर खेळाडू, एका चिंचोक्यासाठी आजीला खोटं पाडणारी. त्या दुपारी ती माझ्याशी सलग चार डाव हरली. मी म्हटलं की तू मुद्दाम हरते आहेस. नाही गं, तुला छान जमतंय, असं ती म्हणाली आणि चिंचोके माझ्याकडे सरकवले. मला वाटलं की पोर शहाणी होत चालली आहे.

ऊन उतरल्यावर ती म्हणाली की आई, समुद्रावर जाऊ या. सहाला तिथं पाय ठेवायला जागा राहत नाही, तेव्हा आत्ताच जाऊ, मी चादर घेते. नवरा माझ्या पेशींची आठवण करून देत होता, पण मीच उठले. कोपऱ्यावर एक रिक्षा उभी होती, पुढे केळीचे खुंट बांधलेले आणि चाकाखाली ताजं चिरडलेलं लिंबू. रस्त्यात ठिकठिकाणी फोडलेले कोहळे आणि त्यातलं कुंकू पसरलेलं. रिक्षावाल्यानं सणाचा म्हणून एक पैसा जास्त मागितला नाही, हे चेन्नईत मी तेव्हा एकदाच पाहिलं.

मरीनावर वाळू इतकी रुंद आहे की पाण्यापर्यंत पोचेतो मला दोनदा बसावं लागलं. दोन्ही वेळा मुलगी माझ्याआधी खाली बसली, जणू तिलाच दम लागला होता. पाण्याच्या कडेला मी डोक्याचा रुमाल सोडला. घराबाहेर तो मी पहिल्यांदाच सोडला. टाळूवर खारा वारा लागला आणि मला तो फार सुखाचा वाटला. दोन-चार माणसं बघत होती. बघू देत म्हटलं. इथं तिरुपतीहून मुंडण करून आलेल्या बायका रोज दिसतात, त्यांना मी त्यांच्यातलीच वाटले असेन. मुलीनं माझा हात धरला होता. लाट आली की ती तो आणखी घट्ट धरायची. नवऱ्यानं तिच्यासाठी भाजलेलं कणीस आणलं, ते ती नको म्हणाली. आईला चालत नाही तर मला नको. सगळ्यांत पुढची लाट येऊन पावलं भिजली तेव्हा तिनं विचारलं, "आई, आजचा दिवस तुला आवडला?"

मी म्हटलं, फार आवडला. या सुट्टीतला हाच सगळ्यांत चांगला दिवस. ते मी तिचं मन राखायला म्हटलं नव्हतं. ते खरंच होतं.

घरी आल्यावर मी सासूबाईंना म्हटलं, सकाळी जास्त बोलले. त्या म्हणाल्या, "परवायिल्लै." म्हणजे असू दे. एवढंच बोलून त्या देवापुढचा दिवा सारखा करायला गेल्या.

दशमीला सकाळी सहालाच सगळ्यांच्या आंघोळी झाल्या. पुन्हा एकदा आरती झाली आणि वस्त्र बाजूला केलं. या घरची रीत अशी की ज्यानं जे ठेवलं ते त्यानंच उचलायचं आणि त्यातल्या चार ओळी सगळ्यांपुढे मोठ्यानं वाचायच्या. मग वर्षभर विद्या सुखरूप. मुलीनं विज्ञानाचं पुस्तक उचललं आणि परागकणांबद्दल काहीतरी इतक्या भरभर वाचलं की कुणाला काही कळलं नाही. नवऱ्यानं त्याचा कॉलेजातला जाडजूड इंग्रजी शब्दकोश उचलला आणि उघडेल ते पान वाचलं. सासूबाईंनी वडिलांच्या हातची स्तोत्रांची वही उघडली, पण त्यांना ती न बघताच येत होती. मी पेपरांच्या गठ्ठ्यातला वरचा पेपर घेतला. नद्या समुद्राला का मिळतात याचं उत्तर एका मुलानं लिहिलं होतं की त्या चालून चालून दमलेल्या असतात. मी त्याला तिथंच मनातल्या मनात पूर्ण गुण दिले. बाकीची पुस्तकं कपाटात गेली आणि पाटावर आता फक्त पाकीट राहिलं होतं.

रात्रभरात माझा राग पुरता गेला नव्हता हे मला त्या क्षणी कळलं. मी पाकीट उचललं नाही. पाट सासूबाईंकडे सरकवला आणि म्हटलं, "हे तुम्ही ठेवलंत. रीत आहे ना? मग तुम्हीच उचला आणि वाचा." त्यांना इंग्रजी येत नाही हे मला पक्कं ठाऊक होतं, म्हणूनच मी तसं म्हटलं.

त्यांनी पाकिटाला हात लावला नाही. माझ्याकडे नाही, नातीकडे पाहिलं. ती भिंतीशी उभी होती. ती पुढे आली, गुडघ्यावर बसली आणि पाकिटावर तळहात ठेवला.

"आज्जीनं नाही, मी ठेवलंय," ती म्हणाली.

आणि तिनं ते उघडलंच नाही. शाळेत कविता म्हणायला उभी राहते तशी उठली, हात शरीराला चिकटवले आणि रिपोर्टच्या शेवटच्या तीन इंग्रजी ओळी सरळ पाठ म्हटल्या. आधीच्या तपासणीशी तुलना करता डाव्या बाजूची गाठ वाढलेली आहे. काखेत दोन नवीन गाठी दिसतात. औषधाचा उपयोग झालेला दिसत नाही. आकडे दशांशासकट, सेंटिमीटरमध्ये. कुठंही अडखळली नाही.

नवऱ्यानं पाकिटातून कागद ओढून काढला आणि ओळींवरून बोट फिरवलं. मग कागद मांडीवर ठेवला. तिनं एक अक्षर चुकवलं नव्हतं.

अष्टमीच्या संध्याकाळी, बायका गात असताना आणि मी पडलेली असताना, तिनं पाकीट फळीवरून काढून पाहिलं होतं. दोन शब्द अडले ते बापाच्या शब्दकोशात शोधले होते. पहाटे पूजेची पुस्तकं रचताना तिनं पाकीट मध्ये सरकवलं, तेव्हा आजीनं पाहिलं. हे कशाला, असं आजीनं विचारलं. नात म्हणाली की आज हे कुणी वाचायला नको, एकच दिवस. आजीनं आणखी काही विचारलं नाही. तिच्या तोंडाकडे पाहिलं, वस्त्र नीट ओढून घेतलं आणि सरी, म्हणजे बरं, असं म्हणाली. हे सगळं मला नंतर, तुकड्यातुकड्यानं कळलं. त्या क्षणी मला फक्त आदला दिवस दिसत होता. मुद्दाम हरलेले चार डाव. न खाल्लेलं कणीस. माझ्याआधी वाळूत बसणारी, लाटेला घाबरल्याचं दाखवत माझा हात घट्ट धरणारी पोरगी. हिला अजून फारसं कळत नाही, असं म्हणत मी दिवसभर सुट्टी भोगली होती. सासूबाईंनी माझं नाही नाही ते ऐकून घेतलं होतं आणि तिचं नाव घेतलं नव्हतं.

मला गाठीचं दुःख झालं नाही असं नाही. पण ते नंतर आलं, दुपारी, आणि त्याला भरपूर वेळ होता. आधी आली ती लाज. मी तिला जवळ ओढलं तर ती ताठच राहिली, हात अजून बाजूला चिकटलेले. मी म्हटलं, तू एकटीनं का वाचलंस, मला का नाही सांगितलंस.  ती आजीकडे वळली.

"आज्जी, तू म्हणालीस ना, पूजा उतरेपर्यंत रडायचं नाही? आता उतरली ना?"

सासूबाईंनी मान हलवली. मग ती माझ्याकडे बघायला लागली, माझ्याही परवानगीसाठी. मी म्हटलं, हो, उतरली. तेव्हा ती रडायला लागली.